मशीनमागचं तसराळं

माझी बायको मुकद्दस वारल्यावर मला कळलं की आमचं वॉशिंग मशीन गळतं.

मशीन न्हाणीघरात, भिंतीला खेटून. एका सकाळी तिथे पाय टाकला तर मोजा भिजला. वाकून पाहिलं, तर मशीनच्या मागे निळ्या काठाचं एनॅमलचं तसराळं ठेवलेलं, काठोकाठ भरलेलं. भिंतीतून पाइप बाहेर येतो त्याच्या तोंडावर छोटी तोटी आहे, आणि तोटीला मशीनची नळी जोडलेली. तोटी जिथे पाइपला बसते तिथून पाणी थेंबाथेंबाने तसराळ्यात पडत होतं.

तसराळं रिकामं केलं. संध्याकाळपर्यंत ते पुन्हा भरलं.

तेव्हा आठवलं. मुकद्दस रोज सकाळ-संध्याकाळ न्हाणीघरातून पाणी घेऊन गच्चीवर जायची. तिथे तिची तुळशीसारखी रैहानची रोपं होती डब्यांमधून लावलेली. मला वाटायचं, बाई रोपांना पाणी घालते. शेवटच्या दिवसांत तिला चालवत नव्हतं, भिंतीला हात टेकत जायची. मी म्हणायचो, "राहू दे गं, झाडांना मी घालतो." ती म्हणायची, "तुम्ही जास्त घालता, मुळं कुजतात." मी खुर्चीत बसून राहायचो.

आता हे सगळं सांगायचं कारण म्हणजे खालच्या मजल्यावरची सबोहतओपा. ओपा म्हणजे थोरली बहीण. ती काही माझ्यापेक्षा थोरली नाही, पण आमच्या इमारतीची ती प्रमुख आहे, म्हणून सगळेच तिला ओपा म्हणतात. तळघराची किल्ली तिच्याकडे, वर्गणी तिच्याकडे, भांडणंही तिच्याकडेच जातात.

तिच्या मुलीचं लग्न होतं तेव्हाची गोष्ट. आमच्या फरगान्यात मुलीला सासरी पाठवताना रजया आणि बसायच्या गाद्या द्याव्या लागतात. नवा कापूस, साटीनचं कापड, सगळं घरच्या बायका बसून शिवतात. मग भिंतीशी छतापर्यंत थप्पी रचून ठेवतात, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी बघावी म्हणून. सबोहतओपाने सगळा हिवाळा त्या रजया शिवल्या होत्या. लग्नाच्या तोंडावर तिच्या छतातून पाणी झिरपलं आणि थप्पी वरपासून खालपर्यंत भिजली. लाल साटीनचा रंग पिवळ्यावर उतरला, हिरव्याचा पांढऱ्यावर. कापसाचे गोळे झाले.

ती वर आली. मुकद्दस दारात उभी राहून म्हणाली, "आमचं मशीन कोरडं आहे. भिंतीतला पाइप सडलाय, तो इमारतीचा. इमारतीची प्रमुख तूच आहेस ना? मग स्वतःलाच जाब विचार." दार जोरात लागलं. कोणी लावलं ते मला आता सांगता येत नाही.

त्यानंतर दोघी बोलल्या नाहीत. जिन्यात समोरासमोर आल्या की एकीला पिशवीत काहीतरी शोधायचं असायचं आणि दुसरीला ओढणी नीट करायची असायची. त्या मुलीची मुलं शाळेत जायला लागली तरी तेच.

मुकद्दसचा जनाजा निघाला तेव्हा दाराशी सगळे जमले होते. आमच्याकडे तिथे घरचा माणूस लोकांना विचारतो, मयत कशी होती, कुणाचं काही देणं राहिलंय का, कुणाच्या मनात काही आहे का, असेल तर तिच्यावर राजी व्हा. माझ्या मेव्हण्याने विचारलं. सगळे एका आवाजात म्हणाले, राजी आहोत. त्या आवाजात सबोहतओपा नव्हती. ती नमनगानला मुलीच्या बाळंतपणाला गेली होती.

परत आल्यावर ती भेटायला आली. दारापाशीच बसली. हात उचलून फातिहा म्हटला, चेहऱ्यावरून हात फिरवले, भाकरीचा तुकडाही मोडला नाही आणि उठली. मी त्या एका शब्दाची वाट पाहत होतो. तो आलाच नाही.

मुल्ला काय सांगतील ते सांगोत, मी एवढंच मानतो की कुणाच्या मनात तुमच्याविषयी काटा राहिला तर मातीखाली तो तुम्हालाच टोचतो. माझी बायको तशी टोचणी घेऊन पडलेली मला नको होती. रोज ठरवायचो, आज खाली जाऊन विचारीन. रोज जिन्याच्या वळणापर्यंत जायचो आणि चहाखान्याकडे वळायचो.

त्यात हे तसराळं. पुन्हा एकदा तिच्या छताला डाग पडला तर संपलंच. थोडे दिवस मी मुकद्दससारखं तसराळं ओतत राहिलो. पण माझी सवय वेगळी, मी चहाखान्यात बसलो की वेळ विसरतो. दोनदा लादी पुसावी लागली. शेवटी ठरवलं, ही तोटीच बदलायची.

तोटी बदलायची तर आधी पाणी बंद हवं. आमच्या घरातला मुख्य कॉक रंगाच्या इतक्या थरांखाली गाडला गेलाय की तो कॉक आहे हेही नव्या माणसाला कळणार नाही. म्हणजे तळघरातून आमच्या बाजूचा सगळा उभा पाइप बंद करायचा. तळघराची किल्ली सबोहतओपाकडे. किल्ली मागितली की ती विचारणार, कशाला?

समोरच्या घरात हमरो राहतो. आम्ही दोघांनी आयुष्यभर ट्रॉलीबस चालवल्या, मी एक नंबरची, तो तीन नंबरची. त्याचा जगातल्या सगळ्या गळत्यांवर एकच इलाज आहे, जवसाचा ताग आणि तैलरंग. तागाचे धागे आट्यांवर गुंडाळायचे, वर रंग फासायचा आणि पान्याने आवळायचं. आमच्या वयाचे सगळेच असं करतात. नळ, रेडिएटर, काही असो. हमरोने एकदा किटलीचं झाकणही असंच बसवलं होतं.

तो ताग, रंगाचा डबा आणि पाना घेऊन आला. वाकून पाहिलं.

"ही तोटी बदलायचीच कशाला? पाव फेरा आवळली की झालं."

"पाणी चालू आहे, हमरो."

"चालू असू दे की. नदी बंद करून पूल बांधतात का?"

"आधी किल्ली आणू का?"

"आण. जा, उतर खाली. मी थांबतो." तो माझ्याकडे बघत राहिला. मी हललो नाही. "बघ! मग सरक बाजूला."

"मी आवळतो. तुझा हात जड आहे."

"माझा? एर्गाश, तू डेपोत ब्रेकचं पेडल मोडलं होतंस."

पाना मीच लावला. पाव फेरा. थेंब थांबला. हमरो म्हणाला, "बघ!" मी म्हणालो, अजून जरासं. तोटी स्वस्तातली, पितळेसारखी दिसणारी पण पितळ नसलेली. तिची मान कट्‌कन तुटली. अर्धी पाइपमध्ये राहिली, अर्धी पान्यासकट माझ्या हातात आली आणि पाणी माझ्या छातीवर आदळलं.

"अंगठा लाव! अंगठा!" हमरो ओरडला.

मी दोन्ही तळवे लावले. पाणी बोटांमधून चहूबाजूंना उडत होतं, छतावर, आरशावर, हमरोच्या टोपीवर. तो बाहेर धावला आणि गाजरं घेऊन आला. पलावसाठी माझ्याकडे पोतंभर असतातच.

"लालही आहेत आणि पिवळीही. कुठलं?"

"अरे कुठलंही दे!"

"पिवळं घे, पिवळं घट्ट असतं."

गाजराचं टोक पाइपात खुपसलं. पाणी कमी झालं, पण गाजर सारखं बाहेर सरकत होतं. मी त्यावर सगळं वजन टाकून भिंतीला चिकटून उभा राहिलो. घोट्यापर्यंत पाणी. ते उंबरठ्यावरून पुढच्या खोलीत निघालं होतं. मला एकच दिसत होतं, खालच्या घराचं छत.

मग पाणी आपोआप मंदावलं, आणि थांबलं. हमरो म्हणाला, "माझं गाजर!" इतक्यात जिन्यात सपातांचा आवाज आला.

सबोहतओपा दारात उभी. सपाता ओल्या, बाह्या वर सारलेल्या, बोटात तळघराची किल्ली. ती वर येण्याआधी खाली जाऊन पाइप बंद करून आली होती. तिने आम्हा दोघांकडे पाहिलं, पाइपातल्या गाजराकडे पाहिलं.

"पाइपात पलाव शिजवताय का? तांदूळ कधी घालणार?"

"ओपा, तुमच्या छतातून..." मी म्हणालो.

"येतंय. बादली लावलीय. उभे काय राहिलात? फडकी कुठे आहेत?"

ती आत आली, वाकली आणि मशीनखालून तरंगत आलेलं तसराळं तिच्या पायाला लागलं. तिने ते उचललं. आतून पांढरं होतं ते, पण त्यावर गंजाची वर्तुळं होती, एकावर एक, जिथपर्यंत पाणी चढायचं तिथपर्यंत. असे डाग एका आठवड्यात पडत नाहीत. तिने बोट फिरवून पाहिलं.

"हे इथे कधीपासून आहे?"

हमरो लगेच म्हणाला, "ते माझं. आत्ताच घरून आणलं."

"हमरो, तुझ्या घरी धड चमचा नाही. गप बस." ती माझ्याकडे वळली. मला ती अका म्हणते, म्हणजे थोरला भाऊ. "एर्गाशअका?"

मलाही खोटं बोलता आलं असतं. पण मला जो शब्द तिच्याकडून हवा होता तो खोट्यावर मिळवून काय उपयोग? जिच्यासाठी मागायचा ती तर सगळं जाणून होती.

"मुकद्दसने ठेवलं होतं," मी म्हणालो. "मशीनच्या मागे. मला ती गेल्यावर कळलं."

"म्हणजे गळत होतं."

"गळत होतं."

"आणि तिला ठाऊक होतं."

"हो."

सबोहतओपाने कोपऱ्यातली बादली पालथी केली आणि तिच्यावर बसली. तसराळं मांडीवर.

"माझ्या तोंडावर म्हणाली, भिंतीतला पाइप सडलाय. मी रजई हातात धरून उभी होते. रंगाचं पाणी माझ्या कोपरावरून गळत होतं."

"हो."

"हे कोण रिकामं करायचं?"

"तीच. सकाळ-संध्याकाळ. मला वाटायचं झाडांना पाणी घालते."

"आजारी होती तेव्हाही?"

"तेव्हाही. भिंत धरून जायची. मी म्हणालो मी करतो, तर मला करू दिलं नाही."

 हमरोने फडकं पिळायला घेतलं होतं, तो थांबला.

"वेडी बाई," सबोहतओपा म्हणाली. "अगं एक जिना होता! एक जिना उतरून आली असतीस, म्हणाली असतीस, सबोहत, चुकलं. मी दोन शिव्या घातल्या असत्या, तिसरीला चहा टाकला असता. त्यापेक्षा हे रोज वाहायचं?"

मला वाटलं, हीच वेळ. कपडे चिंब, पायात पाणी, पण आत्ता नाही विचारलं तर पुन्हा विचारणं व्हायचं नाही.

"ओपा, तिच्यावर राजी व्हा."

तिने मान वर केली. "मी राजी आहे, एर्गाशअका. नमनगानला बातमी आली त्याच दिवशी झाले. मुलीच्या घरात बसून म्हटलं, अल्ला, माझ्या रजया तिला माफ."

 मी मशीनला धरलं. "मग त्या दिवशी बोलला का नाहीत? मी वाट बघत होतो."

"बोलायलाच आले होते. पण ते बोलले असते तर पुढचंही विचारावं लागलं असतं, त्याची भीती वाटली."

"पुढचं काय?"

ती तसराळ्याकडे बघत बोलू लागली. "शरदात, खरबुजं आली होती तेव्हा. मी खाली चालले होते. ती जिन्यात बसली होती, माझ्या दाराच्या जरा खाली. शेजारी पिशवी, पिशवीत एक खरबूज. चढवत नव्हतं तिला. तिने माझ्याकडे पाहिलं. एर्गाशअका, ती बोलणार होती. ओठ हलले तिचे, मला दिसलं. आणि मी पिशवीत किल्ली शोधली. दार आधीच लावलेलं होतं माझं, किल्ली हातात होती, तरी शोधली. तिच्या शेजारून उतरून गेले."

त्या दिवसाचं खरबूज मी खाल्लेलं होतं. मुकद्दस खूप उशिरा आली होती. रांग होती म्हणाली.

"तुम्ही तिचा नवरा आहात," सबोहतओपा म्हणाली. "तुम्हाला ठाऊक असेल. ती माझ्यावर राजी होऊन गेली का?"

मी आठवून पाहिलं. खरंच आठवून पाहिलं. इतक्या वर्षांत मुकद्दसने घरात तिचं नाव घेतलं नव्हतं. 'खालची' म्हणायची, तेही कपडे वाळत घालताना, खालचीच्या खिडकीवर पाणी पडेल म्हणून पिळून घाला, एवढंच. त्यात राग होता की नव्हता? शेवटच्या दिवसांत ती माझ्याशी आमच्या मुलीबद्दल बोलली, आपल्या आईच्या कबरीबद्दल बोलली, मिठाची बरणी कुठे ठेवलीय तेही सांगितलं. खालचीबद्दल नाही.

हमरो तिच्या पाठीमागे उभा राहून मला डोळ्यांनी खुणावत होता. हो म्हण. मान हलव नुसती.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

"कधीच काही बोलली नाही?"

"नाही, ओपा."

"बरं," ती म्हणाली. उठली, बादली सरळ केली, तसराळं मशीनवर ठेवलं. किल्ली हमरोच्या हातात दिली. "नवी तोटी बसवा. पितळेची आणा, वजनाला जड बघून. झालं की तळघरातलं डावीकडचं चाक उघडा. हळू उघडा, नाहीतर अख्ख्या इमारतीचे नळ खोकायला लागतात."

ती गेली. तिच्या सपाता प्रत्येक पायरीला चपचप वाजत होत्या.

"दगड आहेस तू," हमरो म्हणाला. "एक शब्द होता!"

"खोटा होता."

"आला मोठा खरं बोलणारा! ट्रॉलीबसमध्ये म्हाताऱ्यांना 'आलाच तुमचा थांबा, आलाच' म्हणायचास, तेव्हा थांबा यायला अर्धं शहर असायचं."

"ते वेगळं."

"वेगळं काय? ते बिचारे उभे होते, तू त्यांना धीर देत होतास. ही पण उभी होती."

 मी बाजारातून तोटी आणली, अर्धं तुटकं टोक काढताना आमचा निम्मा दिवस गेला. हमरोने ताग गुंडाळला, रंग फासला. पाणी सोडलं. एक थेंबही नाही. हमरोने तोटीवर थाप मारली आणि माझ्याशी न बोलता घरी गेला.

मला हवं होतं ते मिळालं होतं. मुकद्दसच्या अंगावर आता कुणाचा काटा नव्हता. त्या रात्री मी शांत झोपायला हवं होतं. पण खालच्या घरात कुणीतरी चालत होतं, भिंतीपासून खिडकीपर्यंत, खिडकीपासून भिंतीपर्यंत. मी कूस बदलत ऐकत होतो. माझ्या बायकोचं ओझं मी उतरवलं, आणि ते एक जिना खाली ठेवून आलो, असं मला वाटत राहिलं. मी म्हातारा माणूस. एक खोटं माझ्या डोक्यावर आणखी बसलं असतं तर काय बिघडलं असतं? मुकद्दसच्या नावाने बोलायचा मला हक्क नव्हता, हे खरं. पण ती आता बोलू शकत नाही, हेही खरंच होतं. मी नाही तर कोण बोलणार?

गुरुवारी आमच्याकडे गेलेल्यांसाठी तेल तापवतात. तेलाचा वास त्यांच्यापर्यंत पोचतो म्हणतात. त्यात पिठाचे गोळे तळायचे आणि शेजाऱ्यांना वाटायचे. इतके दिवस मुलगी येऊन करायची. या खेपेला मी तिला म्हटलं, येऊ नकोस, मी करतो. पीठ हाताला चिकटलं, गोळे काही मोठे झाले काही छोटे, मोठे बाहेरून काळे पडले. बशी भरली, वर फडकं टाकलं आणि जिना उतरलो. वाक्य मी तयार केलं होतं. शेवटच्या दिवशी ती तुमच्याबद्दल बोलली होती, माझ्या ध्यानातून गेलं होतं. असं.

सबोहतओपाने दार उघडलं. तिच्या मागे छतावर ओलीचा मोठा पिवळा डाग दिसत होता. तिने बशी घेतली, तिथेच उंबरठ्यावर हात उचलले आणि मोठ्याने मुकद्दसचं नाव घेऊन फातिहा म्हटला. आम्ही दोघांनी चेहऱ्यावरून हात फिरवले.

"ओपा," मी म्हणालो, "त्या दिवशी मी जे..."

"नका, एर्गाशअका."

"मला आठवलं. शेवटच्या..."

"नका सांगू." ती रागावली नव्हती. "त्या दिवशी म्हणाला असतात तर मी मानलं असतं. लगेच मानलं असतं. आता तुम्ही विचार करून आलात."

मी बशीवरच्या फडक्याकडे बघत उभा राहिलो. तिने एक गोळा मोडून तोंडात टाकला, चावला, थांबली.

"आतून कच्चे आहेत."

"तेल जास्त तापलं."

"तेलाचा दोष नाही. पीठ तिंबलं नाहीत तुम्ही." तिने दुसरा तुकडाही खाल्ला. "पुढच्या गुरुवारी पीठ इथे घेऊन या. मळून देईन. तळायचं मात्र तुमच्याच घरी, तिच्या नावाचं तेल तिच्या घरात तापलं पाहिजे."

"आणतो," मी म्हणालो.

तिने दार हळू लावलं. मी ते वाक्य तोंडात तसंच घेऊन वर आलो.